विहिरीकाठची मालकीण

विलासदादाचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, ऑफिसला निघायच्या गडबडीत, डब्याचं झाकण शोधत होते. "आबा गेले," एवढंच तो म्हणाला. आबा म्हणजे त्याचे वडील, माझे थोरले काका, फौजेतले निवृत्त सुभेदार. सकाळी शेताला चक्कर मारून आले, भाकरी खाल्ली, वर तांब्याभर ताक प्यायले, जरा पडतो म्हणाले ते उठलेच नाहीत. जाण्याचं कामही त्यांनी कुणाला तसदी न देता उरकलं. तासगावहून आत्याला गाडीत घेतलं आणि विट्यावरून रहिमतपूरकडे निघालो. वाटेत आत्या म्हणाली, "बाळे, आबा हुते तवर माझं म्हायेर हुतं. आता मला तिथं कोण ये म्हणंल गं?" विलासदादा मनाने वाईट नाही, पण जमिनीचं नाव निघालं की...

आजोबा वारले तेव्हा सातबाऱ्यावर आबा, माझे बाबा आणि आत्या अशी तिघांची नावं वारस म्हणून लागली. आमच्याकडची रीत अशी, की मग एक दिवस बहिणीला जेवायला बोलवायचं, चांगलीशी साडी नेसवायची आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची. मुलीला मुलाइतकाच वाटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो मागितला की माहेर तुटतं, हेही ठाऊक असतं. आमच्या घरात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, माझ्या बाबांनासुद्धा नाही. विलासदादानं तर साडी आणूनही ठेवली होती. आणि आत्या आली ती पर्समध्ये पेन घेऊनच! "मला काय बी नगं. माझं येनं-जानं तेवढं ऱ्हाऊ दे," म्हणाली. आबांनी तिच्या हातातलं पेन काढून स्वतःच्या खिशाला लावलं. "सुमे, सहीवर टिकनारं म्हायेर म्हंजी भाड्याची खोली. उद्या शेतावर ये. आन् साडी पन घे, लय चांगली हाय."

विलासदादाचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं झालं होतं.

जुन्यातली एक रीत मात्र आबांना मनापासून मान्य होती. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. उरेल तो थोरल्याचा, त्यामुळे तो वाटे पाडताना आपसूकच नीट पाडतो. दुसऱ्या दिवशी आम्ही शेतावर पोचलो तर आबांनी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून ठेवलेल्या, परेड ग्राउंडवर मारतात तशा सरळ. खालचा वाटा विहिरीकाठचा, काळ्या मातीचा, पण लहान. मधला मध्यम. वरचा मुरमाड, पण ऐसपैस. जन्मभर या घरात 'धाकटे' म्हणवून घेतलेले माझे बाबा रुबाबात पुढे झाले. आबा गरजले, "मागं फिर! धाकटी ती हाय."

बाबा मागे फिरले. आत्याच्या भावजयांनी, म्हणजे काकूनं आणि आईनं, पदर तोंडाला लावले. आत्या आता संकोचून मुरमाड तुकड्याकडे बोट दाखवणार, याची आम्हा सगळ्यांना खात्री होती. तिनं चपला काढल्या, तिन्ही वाटे पायाखालून घातले, आणि विहिरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. "ह्यो माझा." विलासदादानं आबांकडे पाहिलं. "पोरगी म्हनून मला कवा ह्या हिरीत पवायला उतरू दिलं न्हाई तुमी," आत्या म्हणाली, "आता बघतेच." आबा इतके हसले की बांधावर बसावं लागलं. तो वाटा स्वतःकडे उरावा असं त्यांच्या मनात होतं, हे काकूनं मला पुढे सांगितलं. पण हसणं खरं होतं, ते मी पाहिलंय.

मग रीतसर मोजणी झाली, वाटणीपत्र नोंदवलं, फेरफार झाला. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वकिलांनी तिघांनाही लिहून दिल्या, म्हणजे पाण्यासाठी कुणी कुणाला विचारायची गरज उरली नाही. त्याच उन्हाळ्यात आबांनी ट्रॅक्टरची ट्यूब आणली आणि साठी उलटलेली आत्या नातवंडांच्या देखत विहिरीत उतरली. काठावर दोर धरून आबा हुकूम सोडत होते, "दायाँ हात! बायाँ हात!" आत्या खालून ओरडली, "आवं, हात मारू का तुमचं ऐकू?"

स्वतः बांधलेल्या घराचं मृत्युपत्रही त्यांनी केलं आणि दसऱ्याला श्रीखंड-पुरीच्या पंगतीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. काकूच्या हयातीत घर काकूचं, नंतर विलासदादाचं. मी म्हटलं, "आबा, हे माणूस गेल्यावर उघडतात." ते म्हणाले, "मी गेल्यावर तुमची तोंडं मला कशी दिसनार? आत्ताच बघून घेतो की!"

पण आबा म्हटलं की मला आठवते ती त्यांची पाण्याची सवय. मोटर चालू करायच्या आधी ते विहिरीपाशी थांबून हाक मारायचे, "मालकीनबाई, पानी घेऊ का?" आत्या तासगावला असली तर फोन लावायचे. तीही ठसक्यात सांगायची, "घ्या, पर सांडू नका." मग स्टार्टरचं बटण दाबलं जायचं. विलासदादा करवादायचा, "आपली पाळी हाय, इचारायचं कशाला?" आबा नुसते मिशीत हसायचे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. जाता जाता आत्याला विहीर बघायची होती. हातात पिशवी घेऊन ती काठावर उभी राहिली, पुन्हा दिसणार नाही अशी तिच्याकडे बघत होती. तेवढ्यात उसाला पाणी द्यायला विलासदादा आला. आमच्याकडे न बघता स्टार्टरच्या पेटीपाशी गेला, बटणावर बोट ठेवलं... आणि थांबला. घसा खाकरला. पाठमोराच म्हणाला, "मालकीनबाई... पानी घेऊ का?"

आत्यानं पिशवी खाली ठेवली.

"घे बाबा," ती म्हणाली, "पर सांडू नगंस." आणि पाटात पाय सोडून बसायला तिनं चपला काढल्या.