बिनचाकाचं टेबल

टेबलाच्या पायाला चपलेच्या टोकाने ठोकर द्यायची आणि विचारायचं, "सरकते का?" ही आमच्या मिस्त्रीची सवय. तुम्ही कारखान्यात काम केलं असेल तर असा एखादा माणूस पाहिला असेल.

आमचा कारखाना हिंगण्याकडे. कूलर बनत. पावसाळ्यात कूलर कोण घेणार? मग आम्हा बायांना घरी बसवत, ते थेट संक्रांतीपर्यंत. दर वर्षी.

मिस्त्रीने मालकाच्या मागे लागून पत्रा वाकवणारं कॉम्प्युटरचं मशीन आणवलं. बटणं दाबली की त्याच मशीनवर कूलरऐवजी कपाटाचा पत्रा वाकतो. मग त्याने जमिनीत बोल्टने घट्ट केलेली टेबलं उखडली आणि चाकं लावली. कूलर संपले की टेबलं फिरवून कपाटांची रांग मांडायची.

"हे टेबल होय का भेळीचा ठेला?" बाया हसल्या.

वर प्रत्येकीने दुसरीचंही काम शिकायचं. मी मोटार बसवायची, मला मशीनवर उभं केलं.

"काहून गा, माह्यं काम वाईट आहे काय?"

"चांगलं आहे वं मावशी. पण उद्या तू तापानं पडली तं? कोणावाचून अडलं नाही पाहिजे."

गोड बोलायचा नाही. चुकलं की, "डोकं घरी ठेवून आली काय?" पण त्या पावसाळ्यात एकही बाई घरी बसली नाही.

चाकं नव्हती ती फक्त त्याच्या स्वतःच्या टेबलाला. "मी कुठं चाललो?" म्हणायचा.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. धंतोलीतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. त्याचं काम मी करू लागले.

संक्रांतीच्या सुमारास तो आला. गळ्याला मफलर, आवाज बसलेला. आम्ही कपाटं थांबवून कूलरची रांग लावत होतो. टेबलं फिरली. त्याचा चहा निवायच्या आत कूलरचा पहिला पत्रा वाकून बाहेर आला. कामाचं त्याला कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच.

जाताना माझ्याजवळ थांबला. "माह्यावाचून काही अडलं काय वं?"

"नाही अडलं."

त्याने मान हलवली. "मंग बरं," म्हणाला. चहा तसाच राहिला.

होळीच्या आधी तो गेला. आम्ही त्याच्या घरी जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. उन्हाळा तोंडावर होता, टेबलं कमी पडत होती. त्याचं टेबल आम्ही उलटं केलं. चाकं मी लावली. सरळ करून पायाला चपलेच्या टोकाने ठोकर दिली.

सरकलं.