माझ्याच वाटचं पाणी

मंडळी, आज सकाळी आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत पाण्याची मोटर जळाली. गच्चीवरच्या टाकीत होतं तेवढंच पाणी उद्यापर्यंत पुरवायचं होतं. ग्रुपवर ठरलं, प्रत्येक घराने दोनच बादल्या भरायच्या. सगळे लगेच हो म्हणाले.

मी दोन भरल्या आणि नळ बंद केला. तासाभरात टाकी रिकामी.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दुसरा भरेलच या भीतीने प्रत्येकजण आधी आपलं भरून घेतो, हे फळ्यावर कितीदा तरी समजावलंय. पण घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी त्यांचे कपडे दुसऱ्यांदा धुतले आणि बादलीचा तळ दिसला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका भरलेली कळशी घेऊन दारात.

"घ्या मॅडम. तुम्ही दोनच भरल्या असणार, माहीत होतं मला. आमच्याकडे पिंप भरलंय, लागलं तर अजून सांगा."

मी "थँक्यू काका" म्हणाले. राग आला नाही. बरंही वाटलं नाही. माझ्याच वाटचं पाणी होतं ते, आणि माणूस खरंच चांगला आहे.

उद्या टँकर येणार आहे. पुन्हा दोनच बादल्या ठरल्यात. तुम्ही असता तर किती भरल्या असत्या?

मी माळ्यावरचं पिंप खाली काढलंय.