सगळीच नावं निळी

राजश्री सोनकांबळेला कोण कुठे आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. नवरा, उदय, कामावरून निघाला की तिचा फोन ठरलेला: कुठे पोचलात? तो बिचारा मीरा रोडला शेअर रिक्षात अंग चोरून बसलेला असतो, तरी निमूट ठिकाण सांगतो, कारण नाही सांगितलं तर पुन्हा फोन येतो. अशा बाईने चाळिशीत वेबसाइट बनवायला शिकावं आणि त्यात तिला सगळ्यात काय आवडावं? तर आपण ज्या पानावर आहोत, त्याचं नाव वरच्या मेन्यूत रंगाने उठून दिसतं, ते. क्लासमधल्या मुली पडद्यावर फुलं नाचवत होत्या. ही तेवढ्या एका रंगीत नावावर खूश होती.

पहिलं काम मिळालं ते पेणकरपाड्यातल्या विहाराच्या महिला मंडळाचं. अध्यक्ष जिजाबाईंनी आधीच बजावलं होतं, रविवारच्या बैठकीत वेबसाइट पसंत पडली तर ठीक, नाहीतर भाच्याच्या ओळखीतली कंपनी आहेच. राजश्रीला हे काम हवंच होतं. लग्न करून नांदेडहून आल्यापासून ती आधी उदयची बायको होती, मग प्रितमची आई झाली, आणि आता तिला स्वतःच्या नावाने ओळख हवी होती. पण हे ती कुणाला बोलली नव्हती. मंडळाच्या बैठकीत माईक या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकीच्या हाती जातो, एकीलाही वगळत नाहीत. राजश्री मात्र नुसतं जय भीम म्हणून तो शेजारणीकडे सरकवायची.

तिने मन लावून पानं केली. चालू पानाचं नाव निळ्या पट्टीवर ठेवलं आणि मेन्यूचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. इथेच माशी शिंकली. फोटोत मुखपृष्ठ निळं, बाकीची नावं साधी. शिवणवर्ग चालवणाऱ्या स्नेहलने लगेच विचारलं, आमच्या वर्गाने काय घोडं मारलंय? वाचनालय सांभाळणाऱ्या शेवंतामावशींनी तर फोनवरच फुरंगटून दाखवलं. ज्या मंडळात अध्यक्षसुद्धा सगळ्यांसोबत सतरंजीवर बसते, तिथे एकाच पानाला निळा रंग कसा चालेल? राजश्रीने परोपरीने समजावलं, पण फोटोतला रंग काही जागचा हलून दाखवेना. शेवटी तिने हात टेकले आणि सगळीच नावं निळी करून टाकली. ग्रुपवर आनंदीआनंद झाला.

रविवारी विहारातल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. जिजाबाईंनी मोठ्या रुबाबात माउस हाती घेतला. शिवणवर्गातून वाचनालयात गेल्या, तिथून सहलींत, आणि मग भलतीकडेच. वर पाहावं तर सगळंच निळं.

"राजश्री, मी आता कुठं आहे गं?" त्यांनी विचारलं.

सगळ्या हसल्या. जिजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाच्याला लावायला फोन बाहेर काढला. माईक तेव्हा फिरत फिरत शेवंतामावशींच्या मांडीवर आला होता. राजश्रीचं लक्ष तिकडे गेलं.

"मावशी, माईक आता तुमच्याकडे आहे. मग बाकीच्यांचा मान गेला का?"

"जातोय कसा? त्यांच्याकडं जाईल की."

"निळा रंगपण तसाच फिरतो."

आधीची वेबसाइट तिने पुसली नव्हती, तीच उघडली आणि माउस मावशींना दिला. मावशींनी वाचनालय दाबलं. मुखपृष्ठावरचा निळा रंग उतरला आणि वाचनालयावर जाऊन बसला. मावशी लाजल्याच. मग प्रत्येकीला आपापलं पान दाबायचं होतं, आणि रंग त्यांच्यामागे इमानाने फिरत राहिला. जिजाबाईंनी फोन पर्समध्ये ठेवला.

"हीच ठेवा," त्या म्हणाल्या.

मावशी अजून मेन्यू न्याहाळत होत्या. यात तुझं पान कुठलं, असं त्यांनी राजश्रीला विचारलं. बनवणाऱ्याचं पान नसतं, ती म्हणाली. मावशींना ते पटलं नाही. त्यांनी मांडीवरचा माईक उचलला आणि तिच्या हातात दिला. आज तिला तो पुढे सरकवावासा वाटला नाही. ती बोलणार तोच तिचा फोन वाजला. उशीर झाला म्हणून उदय विचारत होता, कुठे आहेस?

"माईक माझ्याकडे आलाय," ती म्हणाली, आणि ते सगळ्या विहाराला ऐकू गेलं. "नंतर बोलते."