वकिलाचं बटण

हाल्वर एंगेन माणसांशी वागायचा तसाच जनावरांशी वागला असता, तर आमच्या खोऱ्यात कोणी त्याला गोठ्याच्या दारातही उभं केलं नसतं. सत्तरी ओलांडलेला, उंच, वाळका, तोंडाचा फटकळ. त्याच्या बोलण्याला कंटाळून बायको बहिणीकडे गेली ती परत आलीच नाही. पण एखाद्याच्या घोड्याचा पाय मोडला, गाय विताना अडकून मरायला टेकली की मोंटानाच्या या कोपऱ्यात चाळीस मैलांवरून फोन यायचा तो हाल्वरलाच. जनावराला सोडवायचं काम त्याचं. एक गोळी, आणि त्याला काही कळायच्या आत सगळं आटोपलेलं.

त्याची एक पद्धत होती. चापाखालची कडी, म्हणजे लिव्हर, ओढून भरायच्या रायफलीचा घोडा अंगठ्याने मागे ओढला की टक असा आवाज होतो, आणि त्या आवाजाला जनावर हमखास कान टवकारतं. म्हणून हाल्वर घोडा ओढायचा तो बाहेरच, रायफल जाड कोटाच्या आत पोटाशी धरून. मग आत जायचा, मूठभर ओट पुढे करायचा आणि मान खाली असतानाच काम संपवायचा. "त्याने शेवटचं काय ऐकावं, तर स्वतःच्या दाढांखाली ओट चावल्याचं," असं तो म्हणायचा. एवढी माया त्याने माणसाला कधी दाखवली नाही.

मला तर नाहीच नाही. माझा नवरा गेला त्या वर्षी नवऱ्याचा म्हातारा कुत्रा जिग्स मागच्या पायांनी लुळा पडला. मी हाल्वरला बोलावलं. जिग्सचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. हाल्वरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू रडतेस म्हणून तो थरथरतोय. बाहेर हो, पोरी." मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. बाहेर झाले. गोळीचा आवाज मी अंगणात, कपड्यांच्या दोरीला धरून ऐकला. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच मी ते कधी विसरले नाही.

नवऱ्यामागे दुकान मी चालवते. पुढे खिळे, रंग, कुंपणाची तार. मागच्या बाजूला बंदुका. त्यामुळे हाल्वरची जुनी रायफल मी पुष्कळदा हातात घेतली होती. ती त्याच्या वडिलांची. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि जिथे मूठ बसते तिथलं निळं-काळं लोखंड घासून चांदीसारखं पांढरं झालेलं. सडपातळ, दोन्ही बाजूंनी सपाट. एका हातात मधोमध धरली की पुढेही झुकत नाही, मागेही नाही. खोगिराला लटकवली तर गुडघ्याला टोचत नाही. लिव्हर खाली-वर केली की वापरून गुळगुळीत झालेल्या कपाटाच्या खणासारखी सरकायची. रिकामं काडतूस सरळ वर उडायचं, टोपीच्या कडेवर पडायचं. आणि सुरक्षा म्हणाल तर एकच, घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायचा. तीन पिढ्या तेवढ्यावर जगल्या.

पण लोखंडही म्हातारं होतं. घोडा अर्ध्यावर अडकवणारी खाच झिजली. एका सकाळी गाडीतून उतरताना घोडा सुटला आणि गोळी गाडीच्या तळातून आरपार गेली, हाल्वरच्या बुटापासून वीतभर अंतरावर. बातमी दुपारपर्यंत खोरंभर झाली. गुरंवाल्यांनी सांगून टाकलं, नवी घे, नाहीतर आम्ही शहरातल्या गुरांच्या डॉक्टरला सुई घेऊन बोलावतो. सुईचं नाव काढलं तेव्हा त्याने हट्ट सोडला.

नोव्हेंबरात तो माझ्या दुकानात आला. मागच्या शेकोटीपाशी चारपाच जण कॉफी पीत बसले होते. मी नवी रायफल काउंटरवर ठेवली. न गंजणारं राखाडी पोलाद, काळ्या प्लास्टिकचा दस्ता, वर दुर्बीण बसवायची पट्टी, हातमोज्यासकट बोटं जावीत एवढी मोठी लिव्हरची कडी.

"ही काय रायफल आहे की पाणी उपसायचा पंप?" हाल्वर म्हणाला.

"बर्फात टाक, चिखलात टाक, हिला काही होत नाही," मी म्हटलं. "काडतूस बाजूला पडतं, दुर्बिणीच्या आड येत नाही. तुझ्या जुन्या रायफलीपेक्षा नेम पक्का."

"माझ्या आणि जनावराच्या कपाळामध्ये एक वीत अंतर असतं. मला दुर्बीण काय करायचीय, त्याच्या मनातलं बघायला?"

शेकोटीपाशी हशा झाला. त्याने लिव्हर ओढून पाहिली, ताठ होती, तोंड वाकडं केलं. खरं सांगते, नवी असली तरी ती चांगली वस्तू होती. दिसायला कुरूप, पण खांद्याला घट्ट बसणारी. मी ती परत हातात घेतली आणि घोड्याखालच्या छोट्या बटणावर बोट ठेवलं. जुन्या रायफलींना हे नसतं. आमच्याकडे त्याला वकिलाचं बटण म्हणतात, कारण कोणी स्वतःच्या पायावर गोळी झाडून कोर्टात जाऊ नये म्हणून ते बसवलं, असं सगळे मानतात. ते डावीकडून उजवीकडे दाबून बंद केलेलं असलं तरी घोडा ओढता येतो, चाप ओढता येतो, घोडा आपटतोसुद्धा. फक्त गोळी सुटत नाही.

"हे एक बघून घे," मी म्हटलं.

"लिओना, तुझा नवरा चड्डी ओली करत होता तेव्हापासून मी लिव्हर ओढतोय. आता तू मला शिकवणार?"

परत हशा. माझे कान गरम झाले. दुकानाचा नियम होता, बंदूक द्यायची ती बटण बंद करूनच. मी बटण दाबलं, रायफल खोक्यात घातली आणि एक शब्द बोलले नाही. मनात म्हटलं, कुंपणाच्या खांबावर झाडून बघेल, टक होईल, आणि टोपी हातात घेऊन माझ्याकडे विचारायला येईल.

पण हाल्वर खांबावर गोळ्या झाडणाऱ्यातला नव्हता. सराव करायचा तो ज्याला येत नाही त्याने, असं त्याचं मत. आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी त्याचा मला फोन आला. ओल्गा, त्याची सव्वीस वर्षांची घोडी, फाटकातल्या लोखंडी गजांमध्ये पाय अडकून धडपडली होती. पुढचा पाय मोडला होता. "दोरी धरायला कोणीतरी हवंय," तो म्हणाला. "तुझं घर जवळ आहे." कृपा कर वगैरे शब्द त्याच्याकडे नव्हते.

मी गेले. शेजारचा रॉइस ट्वीट खड्डा खणायला मशीन घेऊन आला होता, इंजिन बंद करून वर बसून होता. ओल्गा तीन पायांवर उभी, चौथा नुसता लोंबत होता. अंगाला घाम, घामाची वाफ. मी दोरी धरली. हाल्वर गाडीमागे गेला, आणि कोटाच्या आत त्याने घोडा ओढल्याचं मला त्याच्या खांद्यावरून कळलं. आवाज आला नाही. मग तो हळू चालत आला, ओट पुढे केले, तिच्याशी नॉर्वेजियनमध्ये काहीतरी पुटपुटला. ती भाषा तो फक्त तिच्याशी बोलायचा. ओल्गाने मान खाली घातली. त्याने नळी कपाळाजवळ नेली.

टक.

ओल्गाची मान वर आली. ओट ओठांतून सांडले. तिने त्याच्याकडे पाहिलं.

मला त्या क्षणी कळलं. तोंडापर्यंत शब्दही आला. आणि मी तो गिळला, कारण मला आणखी एक टक ऐकायचा होता. दहा वर्षांपूर्वीची कपड्यांची दोरी माझ्या हातात होती.

"काडतूस फुसकं," हाल्वर पुटपुटला आणि सवयीने लिव्हर खटाखट खाली-वर केली. चांगलं काडतूस बाजूला उडून बर्फात पडलं. घोडी मागे सरली, मोडक्या पायावर वजन आलं. दुसरा टक. मशीनवरून रॉइस हसला. "अरे हाल्वर, घोडा पडला, घोडी अजून उभीच." परत लिव्हर, परत काडतूस बर्फात. तिसरा टक. तिसरं काडतूसही बर्फात उडालं तेव्हा ओल्गा किंचाळली. घोडी किंचाळते कशी हे ज्याने ऐकलं नसेल त्याने ऐकूही नये.

"बटण," मी म्हटलं. "घोड्याखाली. उजवीकडून दाब, लाल कडं दिसेपर्यंत."

त्याने दाबलं. लाल कडं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"पहिल्या वेळीच कळलं होतं तुला?"

"हो."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला नाही. "दोरी दे इकडे," एवढंच म्हणाला. "तिकडे जा." मी कुंपणापाशी गेले आणि तिथून पाहत राहिले. ओट आता तिने खाल्ले नाहीत. तो बराच वेळ तिच्याशी बोलत राहिला, पण ती मान खाली घालेना. शेवटी गोळी सुटली ती तिचे डोळे त्याच्यावर असताना.

रॉइसने गोष्ट गावभर केली. हाल्वर खानावळीत शिरला की कोपऱ्यातून कोणीतरी जिभेने टक करायचं, मग दुसरं, मग तिसरं. तो अंडी अर्धी टाकून उठायचा. हिवाळा संपेपर्यंत त्याला कोणी जनावरासाठी बोलावलं नाही. सुईवाला डॉक्टर यायला लागला.

मार्चमध्ये तो दुकानात आला. रायफल काउंटरवर ठेवली आणि शेजारी बर्फातून वेचलेली तीन काडतुसं. मी उलटी करून पाहिली. घोडा आपटल्याची खूण एकाही बुडावर नव्हती, कोरी करकरीत.

"मी या बिचाऱ्यांना शिव्या घालत होतो," तो म्हणाला. "कुत्र्याचा राग होता ना तुझा? माझ्यावर काढायचास, पोरी. ओल्गाने तुझं काय केलं होतं?"

तो गेला. पुढच्या हिवाळ्यात झोपेतच वारला. पुरायला आम्ही सातजण होतो, त्यातला रॉइस मशीनवर.

आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बटण आधी दाखवते, दोनदा दाबून घेते, लाल कडं बघायला लावते. तरणी पोरं हसतात. त्याला वकिलाचं बटण आता कोणी म्हणत नाही. या खोऱ्यात त्याचं नाव हाल्वरचं बटण पडलंय. नाव चुकीच्या माणसाचं पडलंय, हे मी अजून एकालाही सांगितलेलं नाही.