चौदाशे अठ्ठ्याण्णवचे सर

१४ जुलै. उद्या सातवीवर इतिहासाचा तास घ्यायचा आहे, म्हणून भाजी निवडून झाल्यावर पुस्तक उघडून बसले आहे. मी गणिताची बाई. इतिहासाचे सर गेल्या हिवाळ्यात वारले, त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही आणि वेळापत्रकात हेडमास्तरांना रिकामी दिसले ती मी. धडाही नेमका सरांचाच निघाला. पोर्तुगीज जहाजं कालिकतला लागतात तो.

सर कुठल्याही दारातून जाताना वाकायचे. उंची जेमतेम पाच फूट, आणि आमच्या लाखांदूरच्या शाळेची दारं हत्ती जाईल एवढी. तरी मान खाली, एक हात डोक्यावर, असे आत शिरायचे. मी नवीन होते तेव्हा विचारलं, "सर, काहून वाकता?"

"फ्रान्सचा राजा चौकटीले डोकं आपटून मेला, बाई. चौदाशे अठ्ठ्याण्णव, एप्रिल महिना. खेळ पाहाले जाऊन राहिला होता बिचारा."

"तो उंच असेल."

"छे! बुटकाच होता म्हणतात. म्हणून तर मले भेव वाटते."

तुमच्याही शाळेत, ऑफिसात असा एखादा असेलच, ज्याला सगळं सोडून एकच गोष्ट येते. सरांना एकच वर्ष यायचं, चौदाशे अठ्ठ्याण्णव. नोकरीच्या सुरुवातीला कोण्या पोराने विचारलं होतं, "सर, पोर्तुगीजांचं जहाज आलं त्या वर्षी बाकी जगात काय चाललं होतं?" सर शोधायला म्हणून त्या वर्षात शिरले ते बाहेर आलेच नाहीत.

एकदा पावसाने आमच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी झालं. मी बादलीने उपसत होते. सर शेजारीच राहायचे, कुंपणावरून पाहत म्हणाले, "त्या वर्षी जपानात भूकंप झाला अन् समुद्रच घरात शिरला. तुमचं तं काहीच नाही, बाई."

"मग जपानची एक बादली घेऊन या इकडे," मी म्हटलं. आले बिचारे. पाणी उपसताना समुद्र किती आत शिरला तेही सांगितलं.

आणि चौदाशे नव्व्याण्णवमध्ये काय झालं, असं कोणी चिडवलं, की गंभीरपणे म्हणायचे, "ते वर्ष आमच्याकडं अजून लागाचं आहे."

एक मोठा दोष होता. गोष्ट ते तपशिलापासून सुरू करायचे. पेटीत काय होतं, टोप्या किती होत्या, कोण कुठे उभा होता. मुद्द्यावर येईपर्यंत घंटा व्हायची. शेजारच्या वर्गात भूमिती शिकवताना मी भिंतीतून अर्धी गोष्ट अनेकदा ऐकली. शेवट मात्र क्वचितच माझ्यापर्यंत पोचला.

सरांना एकच मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. मुलीने स्वतःच मुलगा पसंत केला, वरठीच्या पोलाद कारखान्यातला. मुलगा चांगला होता, पण त्यांच्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. ते एकदा उठले की विषय संपला. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी मुलगी माझ्याकडे आली. "काकू, मले दुसरं काही नको. फक्त बाबाले उद्या त्या वर्षापासून दूर ठेवा."

मी सरांना बजावलं, "उद्या 'या, बसा, घ्या', एवढंच बोलाचं."

"मले समजते ना, बाई. पोरीचा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सतरंजीवर ताट मांडलं: साडी, खण, नारळ, साखरेचा पुडा. मोठे बाबा जरा ओशाळून म्हणाले, "आमी साधे मानसं, सर. जसं जमलं तसं आणलं."

सरांना त्यांना धीर द्यायचा होता. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं हे मी शपथेवर सांगेन.

"अहो, त्यात काय! चौदाशे अठ्ठ्याण्णवमध्ये कालिकतच्या राजासाठी त्या पोर्तुगीजानं काय आणलं होतं? बारा कापडं, सहा टोप्या, हात धुवाचे सहा भांडे अन् एक साखरेची पेटी. राजाचे लोकं पोट धरून हासले!"

आणि थांबले. वर्गात याच ठिकाणी ते खडू खाली ठेवून मुलांकडे पाहायचे.

खोलीत कोणी हसलं नाही. सगळ्यांची नजर ताटातल्या साखरेवर गेली.

"म्हंजे आमचं आणलेलं हासण्यासारखं आहे काय?" मोठ्या बाबांनी टोपी उचलली. "उठा रे. चाला."

सरांचा चेहरा खडूसारखा झाला. मी तोंड उघडलं खरं, पण गोष्टीचं पुढचं मला येत नव्हतं. तेवढ्यात आतल्या दारातून मुलगी बाहेर आली. हातात पोह्यांच्या बशा तशाच.

"काकाजी, बसा ना. बाबाची गोष्ट अर्धीच झाली."

"अजून बाकी आहे का?"

"बाकीच तं खरी आहे. बाबा म्हणते, आणणारा दहा महिने समुद्र तुडवून आला होता. त्याच्या दारातून निघतानी जे होतं ते त्यानं आणलं. हासणाऱ्यानं कापड पाहिलं, वाट नाही पाहिली. म्हणून आमच्या घरात कोणाच्या आणलेल्यावर कोणी हासत नाही. मी लहान होती तेव्हापासून."

मोठे बाबा परत खाली बसले. मग टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पोहे थंडे होऊन राहिले, पोरी."

पुढे त्याच किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी तोफा आणल्या, हे सातवीचं पोरही सांगेल. मुलीने ते शहाणपणाने गाळलं. सरांनी मात्र दुरुस्तीसाठी तोंड उघडलेलं मला दिसलं. मी त्यात पेढा घातला.

पाहुणे गेल्यावर सर बराच वेळ सतरंजीची घडी करत होते. एवढी मोठी नव्हती ती. शेवटी मुलीला म्हणाले, "तू आयकत होती काय?"

"मले घंटा कुठं होती, बाबा?"

लग्न नीट झालं. मोठे बाबा नंतर मुद्दाम एसटीने यायचे, सरांसमोर मांडी घालून बसायचे आणि विचारायचे, "हं, मंग?" सरांना शेवटी शेवटी एवढा चांगला विद्यार्थी मिळाला. मग डिसेंबरात एका सकाळी सर उठले नाहीत.

इथवर काल लिहिलं. आज सकाळी सातवीवर गेले. सरांची चूक करायची नाही असं ठरवून गोष्ट शेवटापासून सुरू केली. आणणारा कोण, हसणारा कोण, चूक कोणाची, सगळं फळ्यावर मांडलं आणि आणलेल्या वस्तू खाली एका ओळीत लिहिल्या. अर्धा तास शिल्लक राहिला. पोरं माझ्याकडे बघत होती, मी पोरांकडे.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, त्या सहा टोप्या कोणत्या रंगाच्या होत्या?"

"थांब, सरांना विचारून येते," म्हणत मी दारापर्यंत गेलेसुद्धा.