बारावी मोरी

परवा कोहमाऱ्याहून गोंदियाला येत होतो. नात गाडी चालवत होती. गोरेगावच्या अलीकडे मोबाइलचं नेटवर्क गेलं आणि नकाशावरचा निळा ठिपका थांबला. "आजोबा, आपण नेमके कुठे आहोत तेच कळत नाहीये..." ती म्हणाली.

मला कळत होतं.

सत्तावन साल असेल. नोव्हेंबर संपत आला होता. मी नागपूरला कॉलेजात होतो. दिवाळीला घरी आलो तो धानाच्या कापणीसाठी थांबलो. आमचं गाव कोहमाऱ्याजवळ. शेती दादा बघायचा, माझा मोठा भाऊ.

त्या आठवड्यात दादाच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीजवळ, मग उजवीकडे खाली. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप चढला आणि पाय सरळ करता येईना. वैद्य म्हणाले, गोंदियाला न्या, आत्ताच न्या... ऑपरेशन लागेल.

गावातल्या झनकलालभाऊंचा ट्रक धानाची पोती घेऊन गोंदियाच्या मिलला निघालाच होता. त्यांनी आम्हाला केबिनमध्ये घेतलं. मध्ये दादा, कडेला मी. उजाडलं होतं, पण धुकं असं की बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं.

वाटेत एक मोठा नाला होता. त्याचा पूल पावसाळ्यात खचला होता. पुलाच्या आधी डावीकडे खाली उतरायचं आणि नाल्यातल्या कच्च्या रपट्यावरून पलीकडे जायचं. ते वळण चुकलं तर पुढे तुटका पूल...

झनकलालभाऊ पुढे वाकून हळू गाडी चालवत होते. डावा हात मांडीवर होता. त्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता... थांबत होता... पुन्हा सरकत होता. ओठ हलत होते.

दादाने ते पाहिलं. तशा दुखण्यातही म्हणाला, "भाऊ, माह्यासाठीच देवाचं नाव घेऊन राहिले का? जरा जोरात घ्या. त्याले कमी ऐकू येते."

झनकलालभाऊ हसले नाहीत. गप्प राहा, अशी नुसती खूण केली. मीही दादाला म्हणालो, बोलू नको. मी तेव्हा देव मानत नव्हतो. पण कोणीतरी आपल्या भावासाठी नाव घेतंय, ते मोडायचं नाही, एवढं मला समजत होतं... मी अगदी हलायचंही टाळलं.

मग त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. जराही न घुटमळता. पुढचं चाक खाली गेलं, मग मागचं. ट्रक एका अंगाला कलला आणि इंजिन बंद पडलं.

रपटा नव्हता. शेतात जाणारी बैलबंडीची वाट होती. धानाच्या बांधीतलं पाणी नुकतंच सोडलेलं, चिखल अजून ओला होता.

झनकलालभाऊ उतरले. चाकाकडे बघत म्हणाले, "बारा मोजलो ना मी. बारा झाल्या."

"काय बारा?"

"मोऱ्या. धुक्यात मैलाचा दगड कोण पाहते? मोरीवर गाडी आली का ढुंगणाले कळते. कोहमाऱ्यापासून बारा. चार बोटं, तीन-तीन पेरं. हात भरला का उतराचं."

मी म्हणालो, "तेरा आहेत."

दसऱ्यानंतर अलीकडच्या ओढ्यावर, पाणी रस्त्याखालून जावं म्हणून, एक नवी मोरी बांधली होती. झनकलालभाऊ दोन महिने रायपूरकडे गाडी चालवत होते. त्यांना ती माहीत नव्हती. तिचा मुरूम दादाच्याच बंडीने वाहिला होता. दिवाळीत तिच्या कठड्यावर मी पुस्तक घेऊन बसलो होतो...

पोती उतरवावी लागली. जवळच्या गावातून बैलांच्या दोन जोड्या आल्या. दादाला बांधावर धानाच्या तणसावर निजवलं होतं. तो तिथूनच सांगत होता, "बैलाले मारू नका ना बे. चाकाखाली तणस टाका पहिले." थोड्या वेळाने म्हणाला, दुखायचं थांबलं. एकदम थांबलं.

आम्हाला बरं वाटलं. मी झनकलालभाऊंना जाऊन ते सांगितलंसुद्धा.

गोंदियाला पोचेपर्यंत दुपार टळली होती. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "अपेंडिक्स फुटलंय. सकाळीच आणायला हवं होतं."

आम्ही सकाळीच निघालो होतो.

दादा दुसऱ्या दिवशी गेला.

तेरवीला झनकलालभाऊ आले. ओसरीच्या कडेला बसले. मग मला म्हणाले, "तुम्हाले तं मालूम होती नवी मोरी. बोलले काऊन नाही?"

"तुम्ही देवाचं नाव घेत होतात... मला तसं वाटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. "गाडीवर नाव घ्यायले टाइम कुठं राहते," एवढंच म्हणाले. आणि न जेवता उठून गेले.

आता रस्ता गुळगुळीत आहे. मोऱ्या अंगाला कळत नाहीत, कठडे बघून मोजाव्या लागतात. साठ-पासष्ट वर्षांत या रस्त्याने किती वेळा आलो... न मोजता एकदाही नाही. तेरावी आली की हात भरलेला असतो. तिच्यासाठी पेर उरत नाही.

परवाही तेच चाललं होतं. नातीचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. "जप करताय, आजोबा?"

मी हो म्हणालो.

तिने गाणी बंद केली. नेटवर्क आलं तरी सांगितलं नाही. गोंदियापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.