डॉक्टरांचं बोट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलात एका जागी मुळीच न टिकणारा असा एकच प्राणी मी पाहिला, आणि तो आमच्या दातांच्या फिरत्या दवाखान्यावर डॉक्टर होता. ऐंशीच्या दशकात मी त्याच गाडीवर एक्स-रे काढायचो. बाजाराच्या गावी गाडी थांबायच्या आत हे उडी मारून खाली. जेवण उभ्याने, चहा चालता चालता. ओली फिल्म वाळेपर्यंत दम धरतील तर शपथ! बाजारातल्या एखाद्या बाईचं सूप उचलायचे आणि फिल्मला वारा घालत सुटायचे. "डॉक्टर, माहं सूप!" म्हणत ती मागे, आणि "आणून राह्यलो नं बाई!" म्हणत हे आणखी पुढे.

फक्त फोटो काढताना हा माणूस खिळल्यासारखा उभा राही. आमचं मशीन जुनं, जनरेटरवर कण्हत चालणारं. फोटो निघेपर्यंत पेशंटने तोंडातली फिल्म आपल्याच बोटाने गच्च धरायची. पण मशीन गुरगुरलं की माणसं दचकत, फिल्म सुटे, फोटो वाया जाई. म्हणून डॉक्टर स्वतःचं बोट घालून फिल्म धरत. रोज, जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडात. सगळे किरण त्या बोटावर. बोट काळवंडलं, नख तडकलं. मी ओरडायचो. "अरे भाऊ, बोट तोंडात असलं का पेशंट भेत नाई," एवढं बोलून हात खिशात. असा संताप यायचा मला!

शेवटी ते नवं मशीन मागायला गडचिरोलीच्या कचेरीत गेले, तेही बोटासाठी नव्हे, फोटो धूसर येतात म्हणून. साहेबांच्या खोलीत इतक्या येरझारा घातल्या, की साहेबांनी डोकं धरलं. "यांना मशीन द्या, पण आधी बाहेर न्या!"

मशीन आलं. बटण दाबलं की क्षणात फोटो. एटापल्लीकडच्या एका गावात पहिलीच म्हातारी खुर्चीत बसली, आणि डॉक्टरांचं बोट सवयीने तिच्या तोंडात गेलं. मी बटणावरचा हात काढून घेतला.

"बोट बाहेर काढा, डॉक्टरसाहेब. नाईतर मी बटण दाबत नाई."

"मले भेव लागते," म्हातारी कळवळली. "राहू द्या नं त्याहीचं बोट."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिचंच बोट अलगद फिल्मवर टेकवून ते गाडीतून उतरले. तिला घाबरायला वेळ मिळायच्या आत फोटो निघालाही, अगदी लख्ख. मला नाचावंसं वाटत होतं. डॉक्टर मात्र खाली आपला रिकामा हात पाहत होते.

बोट वाचलं असं मी धरून चाललो होतो. पण आधीच्या किरणांनी ते आतून पोखरलं होतं; पुढच्या हिवाळ्यात नागपूरला ते कापावं लागलं, आणि गाडीवर दुसरे डॉक्टर आले. मी भेटायला गेलो, तर पहिला प्रश्न, "फोटो कसे येऊन राह्यले?"

"मस्त," मी म्हटलं. "पण नव्या डॉक्टरपुढे म्हाताऱ्या तोंडच उघडत नाई."

ते हसले. मग तो हात खिशात घालून येरझारा घालू लागले.